४० हजारांची गर्दी, हाती फक्त ५७ पौंड : सैनिकांची आई मेरी सीकोल यांची गोष्ट

१२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार पडले, मेणबत्त्या लागल्या, सिस्टर लोकांना गुलाबाची फुलं मिळाली. व्हॉट्सअपवर स्टेटस फिरले. ते चांगलंच आहे. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे १४ मे रोजी, आणखी एका बाईंची पुण्यतिथी असते. त्याच लढाईत, त्याच सैनिकांसाठी राबलेल्या बाई. त्यांच्या फोटोला आपल्याकडं हार पडत नाही, कारण नावच फारसं कुणाला माहीत नाही. नाव आहे मेरी सीकोल.

लढाईतून परत आल्यावर या बाईंचं दिवाळं निघालं. हजारो माणसं त्यांच्या नावानं टाळ्या वाजवत होती आणि त्याच वेळी देणेकरी म्हणून त्यांचं नाव कोर्टात पुकारलं जात होतं. त्यांच्यासाठी मदत गोळा झाली ती एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी काय झालं आणि दुसऱ्या वेळी काय झालं, हे जरा सविस्तर बघण्यासारखं आहे.

आईकडून मिळालेली विद्या

जमैका म्हटलं की आपल्याला ख्रिस गेल आणि उसेन बोल्ट आठवतात. वेस्ट इंडीजमधलं हे बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथं उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यात राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं, गुलाम म्हणून. अशा काळात १८०५ साली किंग्स्टन शहरात मेरीचा जन्म झाला. वडील स्कॉटलंडचे, इंग्रजी फौजेत नोकरीला. आई जमैकाची, सावळ्या वर्णाची, पण गुलाम नव्हे. त्यामुळं मेरीही स्वतंत्र म्हणूनच जन्मली.

आईचं किंग्स्टनमध्ये ब्लंडेल हॉल नावाचं राहण्या-जेवण्याचं घर होतं. फौजेतले आजारी अधिकारी तिथं उतरायचे. आई त्यांना झाडपाल्याचं औषध द्यायची, पथ्याचं करून घालायची. तिच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. मेरी लहानपणी आईचं बघून बाहुलीला औषध पाजायची. पुढं घरातल्या कुत्र्या-मांजरांवर प्रयोग झाले आणि मग स्वतःवर. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ती आईच्या हाताखाली खरोखरच्या आजाऱ्यांचं करायला लागली होती. कॉलेज नाही, दाखला नाही. तेव्हा परिचारिकेचं शिक्षण देणारी शाळा इंग्लंडमध्येही नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढं हाच मुद्दा काढून त्यांना नावं ठेवली गेली.

तरुणपणी त्या दोनदा लंडनला जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला बरोबर जमैकाची लोणची आणि मुरंबे नेले, ते तिथं विकले. धंद्याची नजर होती. १८३६ साली एडविन सीकोल यांच्याशी लग्न झालं, पण नवरा मुळातच नाजूक प्रकृतीचा. १८४३ साली किंग्स्टनमध्ये मोठी आग लागली, त्यात ब्लंडेल हॉल जळून खाक झाला. तो पुन्हा उभा केला तोवर १८४४ साली नवरा गेला, पाठोपाठ आई गेली. दोन वर्षांच्या आत घर, नवरा, आई सगळं गेलं. मेरीबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. घराचा कारभार हाती घेतला आणि कामाला लागल्या.

१८५० साली जमैकात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. ३० हजारांवर माणसं गेली. पुढच्या वर्षी त्या भावाकडं पनामाला गेल्या. तिथं क्रूसेस नावाच्या नदीकाठच्या गावात भावाचं हॉटेल होतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी फुटलेली, त्यामुळं सोन्याच्या मागं धावणाऱ्यांची तिथून ये-जा असायची. मेरीबाई पोचल्या आणि तिथंही पटकी आली. गावात धड डॉक्टर नाही. मोहरीचा लेप, मोहरीचं पाणी पाजून ओकारी, पोटाला शेक, प्यायला दालचिनीचं पाणी असे त्यांचे उपाय. पाऱ्याची पूडही द्यायच्या, ती तेव्हाचे डॉक्टरही देत. आज ती कुणी देणार नाही. सलाईन अजून लांब होतं. पैसेवाल्यांकडून त्या पैसे घ्यायच्या, गरिबाला फुकट. हा हिशेब त्यांनी आयुष्यभर ठेवला.

रोग शरीरात नेमकं काय करतो हे कळावं म्हणून त्यांनी दगावलेल्या एका तान्ह्या मुलाचं शव रात्री गुपचूप उघडून पाहिलं होतं. वाचताना अंगावर काटा येतो. पण शिकायचा दुसरा मार्ग त्या बाईला कुणी ठेवला नव्हता. पुढं त्यांना स्वतःलाच पटकी झाली, त्यातून त्या वाचल्या. १८५३ साली जमैकात परत आल्यावर पीतज्वराची साथ होती, तेव्हा फौजेच्या छावणीतल्या आजाऱ्यांच्या देखभालीसाठी सरकारी डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतलं.

लंडनमध्ये सगळी दारं बंद

क्रिमिया हे नाव आता रशिया-युक्रेनच्या बातम्यांमुळं मोबाइलवर रोज दिसतं. काळ्या समुद्रात घुसलेला तो जमिनीचा तुकडा. १८५३ ते १८५६ या काळात तिथं आणि आसपास एका बाजूला इंग्लंड, फ्रान्स, तुर्कस्तान आणि दुसऱ्या बाजूला रशिया अशी लढाई झाली. गोळीनं मेले त्यापेक्षा जास्त इंग्रज सैनिक पटकी, हगवण आणि थंडीनं मेले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोक खवळले. सरकारनं ऑक्टोबर १८५४ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांना ३८ परिचारिकांसह रवाना केलं.

मेरीबाई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या. जमैकात ज्या पलटणींचं त्यांनी केलं, त्यातलीच ओळखीची पोरं आता क्रिमियात मरत होती. त्या स्वखर्चानं लंडनला आल्या. पटकीचा अनुभव, शिफारसपत्रं, सगळं घेऊन युद्धखात्यात गेल्या. तिथून दुसऱ्या कचेरीत, तिथून तिसऱ्या. आपल्याकडं तहसीलमध्ये एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात ना, तसंच. परिचारिका निवडणाऱ्या बायकांना भेटल्या, तिथं नकार. क्रिमियातल्या सैनिकांसाठी जमलेल्या निधीतून निदान प्रवासखर्च तरी द्या म्हणाल्या, तिथंही नकार. जागा भरल्यात एवढंच कारण सांगितलं गेलं. कातडीचा रंग आडवा आला का, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला होता. त्या संध्याकाळी लंडनच्या रस्त्यावर उभं राहून त्या रडल्या. हे त्यांनी स्वतःच पुढं पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळा विचार केला. परिचारिका म्हणून नेत नाहीत तर दुकानदार म्हणून जायचं. नवऱ्याच्या नात्यातले थॉमस डे भागीदार झाले. माल भरला आणि जानेवारी १८५५ अखेर बोट पकडली.

वाटेत कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, लागतं. तिथून पलीकडं स्कुटारीला नाइटिंगेल यांचं इस्पितळ होतं. मेरीबाई तिथं एक रात्र राहिल्या. दोघींची भेट झाली, थोडंफार बोलणं झालं, झोपायची सोय धुणं धुणाऱ्या बायकांच्या खोलीत करून दिली गेली. सकाळी त्या पुढं निघाल्या.

ब्रिटिश हॉटेल

बालाक्लावा बंदर आणि सेवास्तोपोलची आघाडी यांच्या मधल्या रस्त्यावर मेरीबाईंनी जागा धरली. वाहून आलेली लाकडं, खोकी, पत्रे, पडक्या घरांच्या खिडक्या-दारं, जे मिळेल त्यातून इमारत उभी केली. ८०० पौंड लागले. नाव दिलं ब्रिटिश हॉटेल. नावाला हॉटेल, पण राहायला खोल्या नाहीत. खाली किराणा, खानावळ आणि दवाखाना असं सगळं एकत्र. सुईदोऱ्यापासून बुटांपर्यंत माल. तांदळाची खीर केली की सैनिकांची रांग लागायची, कारण ती खाल्ली की घरची आठवण यायची. रात्री आठला दुकान बंद, रविवारी सुट्टी. जुगार बिलकुल चालू द्यायच्या नाहीत. दारू मात्र विकायच्या, ते लपवण्यात अर्थ नाही.

सकाळी लवकर उठून स्वयंपाक, मग आजाऱ्यांची रांग. पोट बिघडलेलं, ताप, थंडीनं बोटं काळी पडलेली. अधिकाऱ्यांकडून पैसे, साध्या शिपायाकडं नसतील तर नाही. बालाक्लावाच्या धक्क्यावर जखमींना बोटीत चढवायच्या आधी तासन्‌तास थंडीत ठेवलेलं असायचं. तिथं जाऊन त्या चहा पाजायच्या, पट्ट्या नीट करायच्या. त्याचा पगार नव्हता आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

लढाईच्या दिवशी खेचरांवर सामान लादून थेट रणांगणाकडं निघायच्या. एका पिशवीत पट्ट्या, सुई, दोरा, औषधं; दुसरीकडं खायचं-प्यायचं. तोफगोळा जवळ पडला की आडवं पडायचं, उठून पुन्हा चालायचं. अशाच एका पडण्यात उजव्या हाताचा अंगठा निखळला, तो कधीच पुरता बरा झाला नाही. ऑगस्ट १८५५ मध्ये चेर्नाया नदीवरच्या लढाईनंतर त्यांनी शत्रूच्या, म्हणजे रशियन जखमींचंही केलं. एकाच्या जबड्यात गोळी अडकली होती. ती चाचपायला तोंडात बोट घातलं आणि त्याच क्षणी त्या माणसानं प्राण सोडला, दात बोटावर आवळले गेले. तो वण शेवटपर्यंत राहिला. सप्टेंबरमध्ये सेवास्तोपोल पडलं तेव्हा जळत्या शहरात शिरणारी इंग्रजांच्या बाजूची पहिली बाई मेरी सीकोल होती. सैनिक त्यांना मदर म्हणायचे. टाइम्सचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याचा तंबू त्याच भागात होता. त्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि छापलं. एका बातमीदारामुळं मेरीबाईंचं नाव इंग्लंडभर झालं, हे इथं नोंदवायला हरकत नाही.

भाव पडला आणि उधारी बुडाली

धंदा बाहेरून जोरात दिसत होता. आतून पोखरला होता. घोडी, खेचरं, बकऱ्या, कोंबड्या चोरीला जायच्या. उंदीर पोती फाडायचे. एकदा पाण्याचा लोंढा येऊन माल वाहून गेला. आणि उधारी. आज दिलं, पगार झाला की देतो म्हणणारा अधिकारी पुढच्या आठवड्यात मारला जायचा. त्याच्या नावापुढचा आकडा वहीत तसाच राहायचा. वसूल कुणाकडून करणार?

तरीही त्या माल भरत राहिल्या, कारण लढाई अजून चालेल असं सगळेच धरून चालले होते. ३० मार्च १८५६ रोजी पॅरिसला तह झाला. लढाई संपली. जगाला आनंद झाला, आणि मेरीबाईंच्या अंगणात चढ्या भावानं आणलेला माल पडून राहिला. चाळीत कांदा भरून ठेवावा आणि रातोरात भाव उतरावा, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं समजावायची गरज नाही. फौज बोटींनी परत चालली, गिऱ्हाईक रोज कमी होत गेलं. लंडनचे व्यापारी पैसे मागत होते. चढ्या किमतीची घोडी कवडीमोल गेली. ज्या रशियनांशी लढाई झाली त्यांनाच उरलेला माल मिळेल त्या भावात विकावा लागला. दारूची काही खोकी तर त्यांनी हातोड्यानं फोडून टाकली, पण फुकटात सोडली नाहीत. राग तेवढा होता. जुलैमध्ये क्रिमियातून निघणाऱ्या शेवटच्या इंग्रजांत त्या होत्या.

ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल सरे गार्डन्समध्ये २,००० सैनिकांना सन्मानाचं जेवण होतं. मेरीबाई तिथं गेल्या तर सैनिकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. गर्दीत चेंगरू नयेत म्हणून दोन दांडगे सार्जंट त्यांच्या बाजूला उभे करावे लागले. फौजी छावणीजवळ पुन्हा दुकान टाकून पाहिलं, तेही चाललं नाही. नोव्हेंबर १८५६ मध्ये, म्हणजे त्या जयघोषानंतर तीन महिन्यांच्या आत, मेरी सीकोल आणि थॉमस डे यांचं नाव दिवाळखोरीच्या कोर्टात लागलं. भागीदार पुढं देश सोडून निघून गेला. बाई राहिल्या.

पहिली वर्गणी

टाइम्समध्ये एका वाचकाचं नाव न सांगता पत्र आलं. आशय असा की, नाइटिंगेल यांच्या कामाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहावी म्हणून देश धडपडतो आहे, मग या बाईंना आपण विसरून जाणार का. हे बोलायला कारण होतं. नाइटिंगेल यांच्या नावानं जमलेला निधी ४५ हजार पौंडांच्या घरात गेला होता. त्यातूनच पुढं १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तो पैसा नाइटिंगेल यांनी स्वतःसाठी वापरला नाही, हेही सांगायला हवं. त्या श्रीमंत घरातल्या होत्या, त्यांना गरजही नव्हती. मेरीबाईंकडं मात्र माहेर नव्हतं, जमीन नव्हती, पेन्शन नव्हती.

पत्रानंतर पत्रं आली, वर्गणी सुरू झाली. पंच नावाच्या विनोदी साप्ताहिकानं त्यांच्यावर कविता छापून लोकांना मदतीचं आवाहन केलं. जानेवारी १८५७ अखेर कोर्टानं दिवाळखोरीतून मोकळं केलं. मोकळं केलं म्हणजे जुनं देणं सुटलं, हातात काही आलं असं नाही. जुलैमध्ये त्यांचं आत्मचरित्र निघालं, किंमत दीड शिलिंग, प्रस्तावना रसेलची. इंग्लंडात कृष्णवर्णीय बाईनं लिहून छापलेलं हे पहिलं आत्मचरित्र मानतात.

आणि मग तो जलसा. २७ ते ३० जुलै १८५७, चार दिवस, त्याच रॉयल सरे गार्डन्समध्ये. क्रिमियात फौजेचं नेतृत्व केलेले लॉर्ड रोकबी आणि लॉर्ड जॉर्ज पॅजेट पाठीशी उभे. ११ लष्करी बँड, एकूण हजाराच्या वर कलाकार, तेव्हाचा नावाजलेला संगीतकार जुलियन याचा वाद्यवृंद. पहिल्या रात्रीचं तिकीट नेहमीच्या पाचपट. ४० हजारांवर लोक आले. मेरीबाई समोर बसलेल्या, त्यांच्या नावाचा गजर झाला.

खर्च वजा जाता नफ्याचा चौथा हिस्सा मेरीबाईंना मिळाला. तो होता ५७ पौंड.

तेव्हाच्या पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाच्या १२ पेन्या. हिशेब घालून बघा, आलेल्या माणसामागं पेनीचा तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम पडतो. बाकीचं गेलं कुठं? मांडव, दिवे, बँडवाले, बिदागी. आणि ज्या कंपनीच्या मालकीची ती बाग होती ती कंपनी स्वतःच बुडीत चाललेली. जलसा झाल्यावर लगेच तिचंच दिवाळं निघालं. बुडणाऱ्याच्या गळ्यात बुडणारा बांधावा तशातली गत. मदत करणाऱ्यांची नियत वाईट होती असं अजिबात नाही. पण जिच्यासाठी जत्रा भरवली तिच्या ओट्यात काय पडणार, हे आधी ठरवून कुणी लिहून घेतलेलं दिसत नाही.

याच उन्हाळ्यात आपल्याकडं १८५७ चा उठाव पेटला होता. मेरीबाईंनी हिंदुस्थानात यायची तयारी दाखवली होती. अर्थात, इंग्रज जखमींची सेवा करायला, आपल्या लोकांची नव्हे; उगाच आपलेपणा जोडायचं कारण नाही. युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर यांनी परावृत्त केलं आणि जवळ पैसाही नव्हता. आर्थिक भानगड मिटेपर्यंत १८५८ उजाडलं. त्या कधीच इकडं आल्या नाहीत.

दुसरी वर्गणी

नंतरची काही वर्षं जमैकात गेली. १८६० च्या सुमारास त्यांनी रोमन कॅथलिक पंथ घेतला. पैसा पुन्हा आटला. साठी उलटलेली, अंगठा अधू, आणि लंडनमध्ये क्रिमियाची आठवण विझत आलेली.

१८६७ साली मदतनिधी पुन्हा सुरू झाला. या वेळी जलसा नाही, बँड नाही. राणी व्हिक्टोरियानं संमती कळवली, युवराज आणि राजघराण्यातले आणखी दोघे आश्रयदाते झाले. निधी सांभाळायला विश्वस्त नेमले. लॉर्ड रोकबी त्यात होतेच, शिवाय कर्नल कीन आणि काउंट ग्लाइखेन. हे ग्लाइखेन राणीच्या नात्यातले, आरमारी अधिकारी, क्रिमियात मेरीबाईंचे आजारी गिऱ्हाईक होते आणि पुढं मूर्तिकार झाले. त्यांनी घडवलेला मेरीबाईंचा अर्धपुतळा १८७२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला.

या पैशातून मेरीबाईंनी किंग्स्टनमध्ये ड्यूक स्ट्रीटवर जागा घेऊन राहायला बंगला बांधला आणि भाड्यानं द्यायला दुसरी मोठी इमारत. म्हणजे मदत आली ती खाऊन संपली नाही, तिचं उत्पन्न सुरू झालं. दुकान चालवलेल्या बाईचं डोकं इथं दिसतं. लंडनला त्या परत आल्या आणि युवराज्ञी अलेक्झांड्रा यांच्या सांधेदुखीवर मालीश करायला त्यांना बोलावणं येऊ लागलं.

सगळेच त्यांच्या बाजूचे नव्हते. नाइटिंगेल यांनी १८७० मध्ये एका खासगी पत्रात मेरीबाईंच्या हॉटेलातल्या दारूबद्दल आणि तिथल्या वागणुकीबद्दल नापसंती लिहिली, मात्र त्या सैनिकांशी मायेनं वागल्या हेही त्याच पत्रात मान्य केलं. त्या खऱ्या परिचारिका की नुसत्या दुकानदार, हा वाद इंग्लंडात आजही घातला जातो. ज्याला इस्पितळात घेतलं नाही त्यानं इस्पितळात काम केलं नाही म्हणून हिणवायचं, हा न्याय काही पटणारा नाही. दुकान होतं म्हणून फुकटचं औषध परवडत होतं.

१४ मे १८८१ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन भागात मेरीबाई वारल्या. मृत्युपत्र उघडलं तर मागं अडीच हजार पौंडांवर मालमत्ता निघाली. बराचसा हिस्सा बहिणीला. आणि निधी सांभाळणाऱ्या रोकबी, कीन, ग्लाइखेन या तिघांना प्रत्येकी ५० पौंड. चार दिवसांच्या जलशातून जेवढं त्यांना मिळालं होतं, जवळपास तेवढंच एकेकाला.

नंतर

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८८७ साली, हेन्री बर्डेट यांनी इंग्लंडात परिचारिकांसाठी पेन्शनचा राष्ट्रीय निधी काढला. परिचारिकेनं कमाईतून थोडं थोडं भरायचं, श्रीमंतांच्या देणगीतून त्यात भर पडायची आणि म्हातारपणी हक्कानं पेन्शन घ्यायची. त्या निधीला आधार दिला तो युवराज्ञी अलेक्झांड्रा यांनीच, ज्यांना मेरीबाई मालीश करायच्या. पुढं पहिल्या महायुद्धात जर्मनांनी गोळ्या घातलेल्या एडिथ कॅव्हेल या परिचारिकेच्या नावानं वर्गणी जमली. तिच्यातून थकलेल्या परिचारिकांसाठी विश्रांतिगृहं निघाली. त्यांच्या नावाची संस्था घरभाडं थकलेल्या, आजारपणात अडकलेल्या परिचारिकांना आजही पैशाची मदत करते.

मेरीबाईंना मात्र लंडन विसरलं. जमैकातल्या परिचारिकांनी १९५४ मध्ये आपल्या संघटनेच्या मुख्य कचेरीला त्यांचं नाव दिलं. लंडनच्या केन्सल ग्रीनमधली त्यांची कबर १९७३ मध्ये दुरुस्त झाली, तीही परिचारिकांच्या स्मारकनिधीच्या आणि जमैकन बायकांच्या मंडळाच्या पुढाकारानं. १९८४ मध्ये पुस्तक पुन्हा छापलं. २०२० मध्ये कोविडच्या काळात सरे परगण्यात उघडलेल्या एका उपचार केंद्राला सीकोल नाव दिलं गेलं.

पुतळ्यासाठी पुन्हा वर्गणीच काढावी लागली. बारा वर्षं ती चालली. जागा ठरली सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात, आणि ही तर नाइटिंगेल यांची जागा म्हणून काहींनी विरोधही केला. ३० जून २०१६ रोजी पुतळा उभा राहिला. थेम्स नदीच्या काठावर, पलीकडच्या संसदेकडं तोंड करून, चालायला निघाल्यासारखा.